मागून गेलेली हाक

लग्न होऊन मी त्या गावात आले, त्याच्या चौथ्या दिवशी एका बाईने माझ्या हातातला खराटा काढून घेतला. ओळख ना पाळख. आमचे मास्तर सकाळच्या एसटीने मेहकरला कचेरीच्या कामाला गेले होते आणि मी, नाशिकची नवी सूनबाई, जरा कौतुक व्हावं म्हणून अंगण लख्ख करायला घेतलं होतं. शेजारचं फाटक वाजलं, मग आमचं वाजलं, आणि एक उंच, वाळकी बाई नऊवारी लुगड्याचा काष्टा सावरत सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती.

"कोन गेलं आज घरातून?"

"हे गेलेत. मेहकरला."

"मंग? मानूस अजून सडकीवर हाय, अन् तू त्याच्या पायाची माती झाडून राह्यली?"

खराटा तिने भिंतीशी आडवा ठेवला, माझ्याच पायरीवर बसली आणि म्हणाली, "मोटार मेहकरले लागू दे. मंग झाड. मी सांगतो तुले." मला चहा करावा लागला. चहा झाला, पान झालं, माझ्या माहेरच्या सगळ्या माणसांची चौकशी झाली. मग मधेच बोलणं तोडून तिने रस्त्याकडे पाहिलं, "पोचला," म्हणाली, आणि उठून गेली. मी अशी संतापले होते की त्या दिवशी मी अंगण झाडलंच नाही.

संध्याकाळी मास्तरांना सांगितलं तर ते हसत सुटले. "म्हणजे गोदाकाकूंनी तुला गावात घेतलं," म्हणाले.

मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र झाला, त्यानंतरची ही दोन-चार वर्षं. आमचं गाव मेहकरहून चिखलीकडे जाणाऱ्या सडकेच्या कडेला, दिवसाकाठी मोजक्या एसट्या थांबणारं. त्या गावातून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस गोदाकाकूंच्या फाटकाशी थांबून जायचा. "काकू, धाडच्या बाजाराले चाललो, बैल पाह्याले." "काकू, लेकीले पोचवाले बीबी गावाले चाललो." काकू तळहातावर दही ठेवायच्या. "चाललो" असं कोणी म्हटलं की त्याच्याकडून "येतो" म्हणवून घ्यायच्या. मग खराटा आडवा. तो माणूस आपल्या ठिकाणी पोहोचला असं त्यांना वाटेपर्यंत त्यांच्या अंगणातली काडी हलायची नाही. बाजाराच्या दिवशी अर्धं गाव बाहेर असायचं आणि काकूंच्या दारातल्या कडुलिंबाचा पाला दुपारपर्यंत तसाच पडलेला असायचा. घरचं माणूस प्रवासाला गेलं की लगेच केर काढू नये, हे आमच्याकडेही होतं. पण सगळ्या गावाचं ओझं असं एका अंगणात घेतलेली बाई मी पहिल्यांदाच पाहत होते.

दुसरा त्यांचा नेम याहून कडक होता. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. एकदा मास्तर चष्मा विसरून एसटीच्या थांब्याकडे निघाले. मी तोंड उघडणार, तोच काकूंनी कुंपणावरून हात करून मला गप्प केलं आणि मारुतीच्या देवळामागून, कोणाच्या तरी तुरीच्या वावरातून, मला धावत पिटाळलं. मी मास्तरांच्या पुढे जाऊन समोरून उगवले. पायात गोखरूचे काटे, केसात तुरीचा पाला, हातात चष्मा. थांब्यावरच्या मंडळींपैकी एकालाही त्यात नवल वाटलं नाही. उलट एकजण म्हणाला, "बरं केलं वैनी, समोरून आल्या."

"मागून हाक मारली तर काय होतं हो काकू?" मी त्यांना विचारलं होतं.

"मानूस थांबते."

"थांबतो आणि मागे वळून बघतो. त्यात काय?"

"तसं नाही वं. पाय जाते फुडं. मानूस थांबते." एवढं बोलून त्या निवडायच्या डाळीत डोकं घालत. मी मास्तरांपाशी या बोलण्याच्या नकला करायची. तेव्हा मला सगळंच हसण्यासारखं वाटत होतं.

नकला थांबल्या त्या एका दुपारी. आम्ही दोघी तूर पाखडत बसलो होतो आणि काही विचारलेलं नसताना काकू म्हणाल्या, "त्याईले मी हाक मारली होती. मीठ सांगाचं राह्यलं होतं." त्याई म्हणजे त्यांचे यजमान. मुलगा वसंता मांडीवर असताना ते मेहकरच्या बाजाराला निघाले, वाकणापर्यंत गेले, आणि यांनी मागून हाक मारून मीठ आणायला सांगितलं. त्या दिवशी पैनगंगेला पूर आला होता. यजमान परत आले नाहीत आणि सापडलेही नाहीत. "त्याईनं मीठ आनलं असन," काकू म्हणाल्या आणि सूप आपटून कोंडा उडवू लागल्या. त्यांचा हात धरावासा वाटला, पण तेवढी आमची सलगी अजून झाली नव्हती.

तर असा त्यांचा एकुलता एक वसंता. शेती बटईने, पिकाच्या वाट्यावर, देऊन काकूंनी त्याला शिकवलं आणि तो मुंबईला एका विमान कंपनीच्या कारखान्यात लागला. मेकॅनिक झाला. मी त्याला दोनदाच पाहिलं होतं. हसरा, तुरुतुरु चालणारा मुलगा. फाटकाशी आला की कडी दोनदा वाजवायचा, "माय" म्हणायचा आणि मगच आत पाऊल टाकायचा. लहानपणापासूनची सवय. काकूंना त्या दोन आवाजांचं इतकं वेड होतं की तो आल्याचं माहीत असूनही त्या आतच बसून राहायच्या.

दिवाळीनंतर त्याचं कार्ड आलं. नागपूरला बदली झाली होती आणि कंपनी त्याला आपल्याच विमानाने नेणार होती. गावात विमान काही नवं नव्हतं. रोज दुपारी एक मुंबईहून नागपूरला जाताना आमच्यावरून जायचं. पण आपल्यातलं माणूस पोटात घेऊन जाणारं विमान पहिलंच. मास्तरांनी शाळेतून नकाशा आणला, काकूंच्या ओसरीवर पसरला, मुंबईवर पट्टीचं एक टोक आणि नागपूरवर दुसरं ठेवून पेन्सिलीची रेघ ओढली. निम्म्याच्या जरा पुढे ती आमच्या गावाला घासून जात होती.

"सव्वाचारशे-साडेचारशे मैल," मास्तर म्हणाले. "सांताक्रूझला उडालं की पावणेदोन तासांत नागपूरच्या सोनेगावला उतरतं."

"पावनेदोन तासात?" काकूंनी रेघेवर बोट ठेवलं. "अन् एसटी, आगगाडीनं तं एक रात्र एक दिवस जाते. मंग बाकीचा रस्ता कुठी जाते मास्तर?"

"रस्ता तेवढाच राहतो काकू. वेळ कमी होतो."

ते त्यांना पटलं नाही. पण त्याहून जास्त त्यांना दुसरंच लागलं होतं. "म्हंजे वसंता आपल्या घरावरून जाईन."

"अगदी वरून."

"घरावरून जाईन, अन् घरात येनार नाही." त्या बराच वेळ बोट रेघेवरून मागेपुढे फिरवत बसल्या. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "मुंबईकडून येते म्हंजे आपल्या समोरून येते. समोरून हाक मारली तं चालते."

मास्तर म्हणाले की इतक्या उंचावर हाक ऐकू जात नाही. काकूंनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. वर्षभर लेकाचं तोंड पाहिलं नव्हतं त्या बाईने. हाक ऐकू जाते की नाही हा तिचा प्रश्नच नव्हता.

त्या दुपारी निम्मं गाव गावाबाहेरच्या बरडावर, उंच मुरमाड माळावर, जमलं. काकू ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या. घरचा खराटा सकाळपासून आडवा होता. त्या पश्चिमेला तोंड करून, मुंबईकडे तोंड करून उभ्या राहिल्या, हात कपाळाशी धरून. आभाळ स्वच्छ होतं. बराच वेळ काही झालं नाही. मग आवाज आला. पश्चिमेकडून, बारीक घरघर, वाढत वाढत आलेली. सगळ्या माना तिकडे वळल्या. काकूंनी छाती भरून घेतली आणि जिकडून आवाज येत होता तिकडे पाहून हाक मारली, "वसंताऽऽ, बाप्पा, वसंताऽऽ!"

"अहो काकू, तिकडे नाही," मास्तर म्हणाले. ते उलट्या दिशेला, पूर्वेला बघत होते. "ते बघा. गेलं ते."

आम्ही वळलो. विमान केव्हाच आमच्या डोक्यावरून पुढे निघून गेलं होतं. मेहकरच्या बाजूला एक चकचकीत ठिपका लहान होत चालला होता आणि त्याचा आवाज मात्र अजून पश्चिमेलाच होता, मागून त्याच्या पाठी चाललेला. काकूंनी विमान आजवर नुसतं ऐकलं होतं. त्या अधू डोळ्यांनी कधी शोधलं नव्हतं. आवाज मागे राहतो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि माझ्या शिकलेल्या नवऱ्यालाही ते आधी सांगायचं सुचलं नव्हतं.

काकूंनी दोन्ही हात तोंडावर दाबले. लोक विमानाबद्दल बोलत घराकडे वळले, त्या तशाच उभ्या होत्या. मी त्यांना धरून खाली आणलं. वाटेत त्या एकच वाक्य बोलल्या. "मागून गेली वं हाक."

चार दिवसांनी वसंताचं कार्ड आलं, सुखरूप पोहोचलो म्हणून. मीच वाचून दाखवलं आणि हसत म्हटलं, "आता झाडा अंगण."

"अक्षर त्याचंच हाय?"

"त्याचंच आहे."

"हात पोचला म्हंजे," काकू म्हणाल्या आणि खराट्याला शिवल्या नाहीत.

लिंबाचा पाला साचत गेला. आधी बायका गमतीने बोलल्या, मग कुजबुजीने. मी एकदा लपून झाडायला गेले तर काकूंनी असं पाहिलं की मी खराटा टाकून आले. पोर पोहोचलं, पगार घेतंय, जेवतंय, आणि ही बाई तो अजून वाटेत आहे म्हणून घर उकिरडा करून बसली आहे. मला राग येत होता. खरं सांगायचं तर त्यांची काळजी वाटत होती आणि ती रागासारखी बाहेर येत होती.

मग ती दुपार आली. आम्ही ओसरीवर बसलो होतो, दोघींच्या मध्ये तांदळाचं ताट. रोजच्यासारखं विमान आलं, गेलं, मागून त्याचा आवाज गेला. सगळं शांत झालं. आणि फाटकाची कडी वाजली. दोनदा.

मी वर पाहिलं. फाटकाशी कोणी नव्हतं. वारा नव्हता, लिंबाचं पानही हलत नव्हतं. कडी मात्र नुकती सोडल्यासारखी झुलत होती.

काकू उठल्या, तांब्याभर पाणी आणून पायरीवर ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ये बाप्पा." मग परत जागेवर बसून तांदूळ निवडू लागल्या.

"कोण आलं काकू?" मी विचारलं.

"कोन येईन? मी ज्याले थांबवलं तो."

मी ताट तसंच ठेवून घरी आले. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि कडी कशाने कशाने वाजू शकते याची मोठी यादी दिली. पण त्यानंतर मी रोज त्या वेळेला कान लावायची, आणि विमान गेल्यावर कडी रोज वाजायची. काही दिवसांनी पाल्यात वाट पडलेली दिसली. फाटकापासून पायरीपर्यंत पानं चुरलेली, बाकी अंगणात अखंड. वाट पायरीशी संपत होती. तिथून घरात जात नव्हती आणि परतही फिरत नव्हती. मास्तर म्हणाले कुत्रं असेल. गावातलं एकही कुत्रं तेव्हा त्या फाटकाच्या आत येत नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

वसंताच्या बाबतीत मात्र आम्हाला कसलीच शंका नव्हती. ती मास्तरांनी आणली. शाळेच्या कामासाठी ते नागपूरला गेले होते, तेव्हा त्याला भेटून आले. एरवी नागपूरहून आले की संत्र्यांपासून सगळं वर्णन करणारा माणूस, त्या दिवशी नुसता चुलीत काड्या सारत बसला.

"बरा आहे ना वसंता?"

"बरा आहे. जेवतो, कामाला जातो." मग म्हणाले, "पण काहीतरी विचारलं की उत्तर जरा वेळाने येतं गं. आपण पुढचं बोलायला लागतो, तेव्हा तो मागच्याचं उत्तर देतो. हाक मारली तर लगेच वळत नाही. ऐकू येतं त्याला, डॉक्टरने कान तपासले. फक्त उशिरा पोहोचतं. त्या दिवशी बरडावर विमान पुढे आणि आवाज मागे होता ना, तसं काहीतरी." ते माझ्याकडे बघत नव्हते. "आणि त्याचं काम तसलं. विमानाचे पंखे फिरत असतात, त्यांच्याजवळ उभं राहावं लागतं. फिरताना तो पंखा दिसतसुद्धा नाही. परवा सगळे ओरडत होते बाजूला हो म्हणून, हा आपला उभा. दोघांनी ओढला म्हणून वाचला. त्याचा साहेब म्हणतो, पुढच्या वेळी ओढायला कोणी नसलं तर?"

हे काकूंना सांगायचं नाही असं आमचं ठरतंय तोवर काकू मागच्या दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"पंखा केवढा असते, मास्तर?" एवढंच त्यांनी विचारलं. मास्तरांनी हात पसरून दाखवलं. त्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्या पिशवी घेऊन आमच्या दारात आल्या. मेहकरच्या पलीकडे जन्मात न गेलेली बाई नागपूरला निघाली होती. मास्तर सोबत येतो म्हणाले.

"नको. आम्ही दोघंच बरे."

दोघं म्हणजे कोण, हे मास्तरांनी विचारलं नाही. त्यांनी कागदावर पत्ता आणि गाड्या लिहून दिल्या, खामगावला कुठे उतरायचं, आगगाडी कुठून धरायची. काकूंनी कागद कमरेला खोचला आणि मला बाजूला घेतलं. "माह्या अंगनातली काडी हलवू नको. अन् तुह्याही."

"कधीपर्यंत?"

"पोचेपर्यंत."

"मला कसं कळणार काकू?"

"मले समजत होतं, तुले काऊन नाही समजनार?"

आयुष्यभर दुसऱ्यांच्या तळहातावर दही ठेवणाऱ्या त्या हातावर त्या दिवशी मी दही ठेवलं. हात गार होता. मग त्या आपल्या फाटकाशी गेल्या, ते उघडलं, बाहेर आल्या आणि फाटक उघडंच धरून उभ्या राहिल्या. आपल्या मागून कोणी येणार असलं की धरतो तसं. "चाल बाप्पा," म्हणाल्या आणि थांब्याकडे चालू लागल्या. एकदाही मागे पाहिलं नाही. मी मात्र फाटकाकडे पाहत होते. ते लगेच मिटलं नाही.

एसटीत त्या खिडकीशी नाही, कडेला बसल्या आणि खिडकीची जागा मोकळी ठेवली. आम्ही खाली उभे होतो.

"आजी, दोन तिकिटं कोनाची?" कंडक्टरने विचारलं.

"एक माहं, एक त्याचं."

"तो कुठी हाय?"

"बसला हाय. तुले काय करा लागते? फाड तिकीट."

टोपलंवाला एक गडी त्या जागेवर बसायला वाकला, तर मागच्या सीटवरचा आमच्या गावचा एकजण त्याला म्हणाला, "तठी नको बसू बे. इकडं ये." कंडक्टरने त्या जागेकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि मुकाट्याने दोन तिकिटं फाडली. गाडी सुटली.

मी खराटा आडवा ठेवला. पहिल्या दिवशी दुपारी विमान गेलं आणि मी कुंपणापाशी कान देऊन उभी राहिले. कडी वाजली नाही. त्याचं मला बरं वाटायला हवं होतं, पण धाकधूक वाढली. एसटी कुठे असेल, गाडी चुकली तर नसेल, त्या गर्दीत कोणी त्या रिकाम्या जागेवर बसलं तर? रात्री मास्तर म्हणाले, "अगं निदान घरात तरी केर काढ." मी त्यांच्यावर ओरडले. सकाळी शाळा तपासायला आलेले साहेब चहाला घरी आले, आणि पायाखाली करकरणाऱ्या कचऱ्यावरून त्यांना नेताना मास्तरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी ढिम्म हलले नाही. दुपारी भाकरी थापत होते. तवा तापला होता, पीठ हातात होतं, आणि अचानक पाठीवरचं ओझं कोणी उतरवून घ्यावं तसं झालं. मी कोणीही विचारलेलं नसताना मोठ्याने म्हणाले, "पोचल्या." आणि मग मला रडू आलं.

पंधरवड्याने त्या परत आल्या, एकाच तिकिटावर. आल्या आल्या खराटा उचलला आणि तो सगळा साचलेला पाला एकटीने काढला. मी हात लावायला गेले तर लावू दिला नाही. पाला पेटवून ओसरीवर बसल्यावर मग बोलल्या.

"त्याच्या कारखान्याच्या फाटकाशी उभी राह्यलो. गुरखा आत सोडेना. लांबून दिसला मले. हाक आली होती वं तोंडात. गिळली. समोर होता, पन आता माहा भरोसा नव्हता." त्या थोडं थांबल्या. "कडी वाजवली फाटकाची. दोनदा. त्यानं तसंच वर पाह्यलं, अन् धावत आला. माय, तू कवा आली, म्हने. मी म्हटलं, आत्ता. कोनासंग आली, म्हने. लगेच बोल्ला वं. मी बोलनं संपवलं की लगेच बोलत होता."

"मग तुम्ही काय सांगितलं? कोणासंगं आलात?"

"म्हटलं, तुह्यासंग." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "तो हासला. त्याले वाटलं माय म्हातारी झाली."

त्यानंतर वसंता खरंच सुधारला. आणि पावसाळ्यापूर्वी त्याची पुन्हा मुंबईला बदली झाली. या वेळी त्याने आईला सोबत न्यायचं ठरवलं, विमानाने, कायमचं. काकू नाही म्हणतील अशी माझी खात्री होती. त्या हो म्हणाल्या. "त्या रस्त्यानं आता त्याले एकट्याले नाही जाऊ देत मी." शेत विकलं नाही, घराला कुलूप लावलं, गाय आमच्याकडे बांधली. नागपूरला जाण्यासाठी एसटीत बसण्याआधी मला म्हणाल्या, "बरडावर येजो त्या दिवशी. पन कोनी हाक मारू नका. समोरूनही नाही, मागूनही नाही. आभाळात समोर कोनतं अन् मागं कोनतं, ते आपल्याले समजत नाही."

त्या दुपारी पुन्हा निम्मं गाव बरडावर उभं होतं. इतकी माणसं इतकी गप्प उभी असलेली मी त्यानंतर पाहिली नाहीत. बायांनी कडेवरच्या पोरांच्या तोंडावर हात ठेवले होते. असल्या गोष्टींना हसणाऱ्या आमच्या मास्तरांना खोकला आला, तर त्यांनी तो धोतराच्या सोग्यात दाबला. आवाज आला, या वेळी पूर्वेकडून. मी आवाजाकडे पाहिलं नाही. त्याच्या पुढे, पश्चिमेला पाहिलं, आणि मला विमान सापडलं. डोक्यावरून नुकतं पुढे गेलेलं. पाठमोरं.

काकू हा शब्द माझ्या जिभेवर येऊन थांबला होता. माझी आई लवकर गेली. त्या गावात मला माणसांत आणलं ते त्या बाईने, हातातला खराटा काढून घेऊन. एक हाक मारली असती, हळूच, कोणाला कळलं नसतं, तर त्या थांबल्या असत्या. देह मुंबईला गेला असता, आणि त्या इथे, शेजारी, कुंपणापलीकडे राहिल्या असत्या. मला ते तेव्हा पूर्ण खरं वाटत होतं. आजही वाटतं. मी दातांखाली पदर धरला आणि ठिपका दिसेनासा होईपर्यंत सोडला नाही.

मुंबईला त्या बरीच वर्षं सुखाने राहिल्या, नातवंडं पाहिली आणि तिकडेच गेल्या. वसंताने तारेने कळवलं. मी तेव्हाही याच गावात होते आणि आता मास्तर नाहीत तरी इथेच आहे. शेजारचं घर पडलं, फाटक आणि लिंब तेवढे उभे आहेत. माझी मुलं दूर देशी असतात, विमानं बदलत जातात, आणि उतरल्याबरोबर फोन करतात. फोन ठेवल्यावरही मी काही वेळ खराट्याला हात लावत नाही.

दुपारी वरून विमान जातं. हल्ली कितीतरी जातात. प्रत्येकाच्या मागून त्याचा आवाज जातो, आणि तो गेल्यावर मी हातातलं काम थांबवून शेजारच्या फाटकाकडे कान देते. इतक्या वर्षांत ती कडी एकदाही वाजली नाही. काकू नीट पोहोचल्या. मीच पोहोचू दिलं त्यांना.